नियम चौथा : नाव घेऊ नये

माझ्या सासूबाई पाहुण्यांना माझी नोकरी अशी समजावून सांगतात : "ती ऑफिसात बसून लोकांची भांडणं वाचते आणि त्यातलं वाईट वाईट पुसून टाकते." कंपनीने याच कामाला एक लांबलचक पदनाम दिलंय, पण ते माझ्या ओळखपत्रावर मावत नाही. सासूबाईंची व्याख्या मावते आणि ती बरोबरही आहे.

आमचं ऑफिस बेंगळुरूच्या एचएसआर लेआउट भागात आहे. कंपनी वेगवेगळ्या भाषांच्या लोकांसाठी चर्चेच्या साइट चालवते. बेंगळुरूतल्या मराठी माणसांची साइट माझ्याकडे. मी मूळची निपाणीची, मराठी आणि कन्नड दोन्हींत भांडू शकते, त्यामुळे मुलाखतीत फारसं काही विचारलंच नाही. पुण्या-मुंबईहून नवे आलेले लोक आमच्याकडे घर, डबा, पोळ्यावाल्या बाई आणि मुलांची शाळा शोधतात. चार पिढ्या इथे काढलेले लोक त्यांना उत्तरं देतात. मग दोघांचं जुंपतं आणि प्रकरण माझ्या टेबलावर येतं.

कोणी तक्रार केली किंवा मजकुरात काही ठरावीक शब्द आले, की तो मजकूर माझ्यासमोर उघडतो. ठेवायचा, काढायचा, की लिहिणाऱ्याकडे दुरुस्तीला परत पाठवायचा, हे मी ठरवते. यातलं मुख्य कसब म्हणजे मत आणि आरोप वेगळे ओळखणं. "पोळ्या चामड्यासारख्या होत्या" हे मत. कितीही कडू असलं तरी राहू शकतं. "पिठात भेसळ करतात" हा आरोप. तो केला की पुरावा द्यायची जबाबदारी लिहिणाऱ्याची. आपल्याकडे बदनामीचा दिवाणी दावाही होतो आणि फौजदारी खटलाही, आणि त्यात साइटला कायद्याचं थोडंफार छत्र असतं, लिहिणाऱ्याला नसतं. हे मी रोज कोणाला ना कोणाला फोनवर सांगते आणि समोरचा रोज दचकतो.

कारण लोकांचे ठाम समज असतात. एक गृहस्थ कोणावरही काहीही लिहीत आणि खाली "हे माझे वैयक्तिक मत आहे" अशी ओळ जोडत, हेल्मेट घातल्यासारखी. दुसरे एक फक्त आलेलं पुढे पाठवत आणि म्हणत, मी कुठे लिहिलंय. एका बाईंनी लिहिलं की अमुक दंतवैद्याने चुकीचा दात काढला. मी फोन करून कोणता दात म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की दात त्यांच्या नणंदेचा होता आणि नणंद नागपूरला होती. दात नागपूरचा, डॉक्टर बेंगळुरूचा. हा वैद्य इथला कसा, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "आडनाव तेच आहे हो."

अशा माणसांना शिस्त लावायला आपण जन्मलो आहोत असं मला वाटायचं. मला याद्यांचं वेड आहे. आमच्या फ्रिजवर फ्रिजमध्ये काय आहे याची यादी असते आणि घरातली माणसं फ्रिज उघडून मगच ती वाचतात. मी रुजू झाले तेव्हा साइटला नियमच नव्हते. मी आठवड्याभरात अकरा नियम लिहिले, चौकटीत टाकले आणि सगळ्यांत वर लावले. त्यातला चौथा माझा सर्वांत लाडका : आरोप करताना कोणाचंही नाव घेऊ नये. नाव नाही तर बदनामी नाही, असा माझा सरळ हिशेब. नव्या सहकाऱ्यांना मी त्यावर एक छोटं भाषणही देत असे, पडद्यावर चित्रं दाखवून.

लोकांनी नाव घेणं बंद केलं आणि वर्णन सुरू केलं. "नाव घेत नाही, पण तळ्यासमोरच्या निळ्या फाटकातली, जिचा मुलगा यंदा बारावीला दुसऱ्यांदा बसलाय ती." आता यात नाव राहिलं काय आणि गेलं काय. कायदाही नाव विचारत नाही. ओळखणाऱ्यांना तो माणूस ओळखू आला की पुरे. हे आमच्या वकीलबाईंनी प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि माझ्या टिपणात हिरव्या शाईने अधोरेखितही होतं. टिपण नीट ठेवलेलं असलं की ते वाचायची गरज उरत नाही, हा माझा स्वभावदोष.

आमच्या साइटवर एक विभाग स्थळांच्या चौकशीचा आहे. पूर्वी मुलीचा मामा मुलाच्या गावी जायचा, शेजारी बसून चहा प्यायचा, कारखान्याच्या गेटवर दोघांशी बोलायचा आणि घरी येऊन हळू आवाजात अहवाल द्यायचा. आता मामाला रजा मिळत नाही. म्हणून तो साइटवर लिहितो. अशाच एका मामांनी लिहिलं : "मुलगा चिक्कोडीकडचा, नोकरी आनेकलच्या बाजूला कारखान्यात, तिशीचा, उंच, घरात धाकटा. माहिती असल्यास कळवावे. नियमानुसार नाव देत नाही." नियमानुसार हा शब्द वाचून मला भरून आलं होतं, हे इथे सांगून टाकते.

खाली एक उत्तर आलं : "हा मुलगा एचएसआरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. याचे आधी एक लग्न झालेले आहे. लपवतात. सावध असावे." लिहिणारे सबनीसकाका, पुण्यात बँकेतून निवृत्त झालेले आणि आता एचएसआरमध्ये मुलाकडे राहणारे. मी माझ्या पद्धतीने तपासलं. नाव नाही. शिवी नाही. जात नाही. चहाचे दोन घोट होईपर्यंत मी ते मंजूर केलं.

काही दिवसांनी खालून सुरक्षारक्षकाचा फोन आला. "मेडम, यारो बंदिद्दारे." कोणीतरी आलंय. माणसांनी माझ्यापर्यंत येऊ नये अशीच सगळी व्यवस्था आहे, पण तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव साइटवर द्यावं लागतं, आणि तळाशी बारीक अक्षरांत माझं आहे. चिकाटीचा माणूस ते शोधतो.

आलेला मुलगा उंच होता. सागर चौगुले, आनेकलजवळच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसने आला होता. त्याने मोबाइल माझ्यापुढे ठेवला. सबनीसकाकांच्या मजकुराचा फोटो होता.

"मॅडम, माझं लग्न झालेलं नाही," तो म्हणाला. "तेच तर ठरत होतं."

हकीकत अशी. इथल्याच हेब्बाळच्या शिंद्यांची मेघना आणि हा, दोघांची पसंती झाली होती. साखरपुड्याचा दिवस काढायचा बाकी होता. मग मुलीच्या वडिलांचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आपल्याकडे खरं कारण कोणी तोंडावर सांगत नाही, सगळं पत्रिकेवर ढकलतात, त्यामुळे ज्याच्यावर आरोप झालाय त्याला खुलासा करायची संधीच मिळत नाही. मेघनाने तो फोटो पाठवला म्हणून याला कळलं. त्याने शिंद्यांना फोन करून सांगितलं की मी एचएसआरमध्ये कधी राहिलोच नाही. ते म्हणाले, बरं. पुढे काही नाही. मग चिडून त्याने साइटवरच उत्तर लिहिलं : "हा मी नाही." खाली पूर्ण नाव.

ही चूक मी अनेकांना करताना पाहिलं आहे. तोवर फक्त मुलीकडच्यांना माहीत होतं की चौकशी कोणाची चाललीय. आता चिक्कोडीपर्यंत सगळ्यांना कळलं. त्याच्या आईला तिथल्या देवळात एकीने विचारलं, पहिली सून कुठली होती म्हणून.

"तुम्ही ते काढून टाका," सागर म्हणाला.

मी त्याला समजावलं की नुसतं काढलं तर लोक म्हणतील, काढायला लावलं म्हणजे खरंच असणार. तो म्हणाला, मग लिहा की तो दुसरा कोणी आहे. मी लिहायला घेतलंही. आणि तिथे माझे हात थांबले. कारण त्या धाग्यात, म्हणजे मजकुराखालच्या उत्तरांत, लोकांनी आधीच विचारायला सुरुवात केली होती : हा नाही तर मग कोण, कारखाना कुठला, घर कुठल्या गल्लीत. चिक्कोडीकडचा, आनेकलला नोकरी असलेला, एचएसआरमध्ये राहून गेलेला उंच मुलगा. तो दुसरा असं नुसतं म्हटलं, तरी अर्ध्या तासात लोकांनी त्याला शोधून काढलं असतं. याला धुवायचं तर पाणी त्याच्या अंगावर जाणार होतं. आणि त्याच्याबद्दलचं तरी खरं होतं की नाही, कोणाला माहीत.

माझ्या अकरा नियमांत यावर काहीच नव्हतं. मी शोधलं.

सबनीसकाकांना फोन लावला. माझ्या अनुभवात साइटचे नियम अथपासून इतिपर्यंत वाचलेला एकच माणूस भेटला, तो हा.

"बाई, मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. नियम चौथा काढा."

"नियम चौथा मीच लिहिलाय, काका."

"मग चांगला लिहिलाय. मी तो तंतोतंत पाळलेला आहे."

मी त्यांना हिरव्या शाईतलं सगळं सांगितलं, ओळख पटली की पुरे होतं वगैरे. ते म्हणाले, खरं असेल तर बदनामी कसली. हा समज सर्वांत पक्का असतो. मी सांगितलं की फौजदारी खटल्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या भल्यासाठी सांगितलं होतं हेही दाखवावं लागतं, आणि आधी मुळात ते खरं असावं लागतं. तुम्हाला लग्नाचं कोणी सांगितलं? काका म्हणाले, कामवाली म्हणाली होती. तिला कोणी सांगितलं ते त्यांना माहीत नव्हतं. पण वर्णन जुळत होतं की, असं ते म्हणाले. चिक्कोडी, आनेकल, उंच.

सागर समोरच बसून ऐकत होता. तो उठला आणि म्हणाला, "चला, मी त्यांच्यासमोर उभा राहतो."

लिहिणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटू नये हा माझाच नववा नियम आहे. आम्ही चालत गेलो. घर तीन गल्ल्या पलीकडे होतं.

सबनीसकाकांनी दार उघडलं. आखूड बाह्यांचा पांढरा सदरा, हातात शब्दकोड्याचं पान. त्यांनी सागरकडे नीट पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "आपण कोण?"

मी त्यांना सांगितलं की ज्याचं आधी लग्न झालंय तो हाच.

काकांनी आम्हाला आत घेतलं. नंतर त्यांनी सागरला पाणी दिलं, गाव विचारलं, आईवडील विचारले, कारखान्यात नक्की काय तपासता ते विचारलं, आणि उत्तरं ऐकत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला. माणूस दुष्ट नव्हता. मुलीचं नुकसान होऊ नये असं त्याला खरोखर वाटलं होतं. आमच्या साइटवरचं सर्वांत जास्त नुकसान असल्या माणसांच्या हातून होतं. दुष्ट लोक वाईट लिहितात आणि मी ते काढते.

"मी लगेच खुलासा लिहितो," ते म्हणाले, आणि बँकेतल्या वळणदार अक्षरांत लिहूनही टाकला. मी वाचला. त्यात सागर तो नव्हे हे एका ओळीत होतं आणि खरा तो कोण, हे पाच ओळींत. त्याच्या आणि कारखान्याच्या नावासकट.

मी ते खोडलं. दुसऱ्या मसुद्यात दोन्ही नावं गेली, पण "तो इसम आता घर सोडून गेला आहे" राहिलं. मी तेही खोडलं.

"अहो, दुसऱ्याचा उल्लेखच नसेल तर मी हे सगळं हवेतून काढलं असं दिसेल," काका म्हणाले. "म्हणजे मी खोटारडा ठरतो."

"हो."

"पण त्या दुसऱ्याचं खरंच..."

"तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी कोड्याचं पान घडी करून बाजूला ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "मला माहीत नाही."

मग त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं. मला ते अजून पाठ आहे : "मी लिहिलेली गोष्ट मी तपासलेली नव्हती. मला त्याबद्दल काहीही माहिती नाही. माझे विधान मी पूर्णपणे मागे घेतो. ज्यांना त्रास झाला त्या सर्वांची माफी मागतो." खाली नाव, आडनाव, सही. मी ते त्यांच्या मूळ मजकुराच्या जागी वर लावलं आणि धागा बंद केला. मूळ मजकूर जितक्यांनी वाचला त्याच्या पासंगालाही पुरतील इतक्यांनी हे वाचलं नसेल. माफीनाम्यांना वाचक नसतात.

शिंद्यांनी मात्र वाचला. आणि त्यांचं मत बदललं नाही. दबाव आणून लिहून घेतलं असेल, असा निरोप मामांकडून आला. सागरचा फोन आला तेव्हा तो मला पहिल्यांदाच मॅडमऐवजी अक्का म्हणाला, आणि म्हणाला की जाऊ दे आता. मी हे काकांना कळवलं. मला वाटलं, ते हळहळतील. ते म्हणाले, "हेब्बाळचा पत्ता आहे का? आणि तुम्ही बरोबर या. मी एकटा गेलो तर जास्त बोलेन."

शिंदेअण्णांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे, त्यावरच घर. माणूस कमी बोलणारा. "या अक्का, बसा. स्वल्प कॉफी घ्या." कॉफी पिऊन होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग काकांनी स्वतःच सांगितलं, कामवालीपासून शब्दकोड्यापर्यंत, काही न लपवता. स्वतःला त्यांनी दोनदा मूर्ख म्हटलं. मी तिसऱ्यांदा थांबवलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. हा नाही. मग तो कोण? नाव सांगा, मी विषय संपवतो. मुलीचा बाप आहे, मला खात्री पाहिजे."

प्रश्न अगदी रास्त होता. नाव आम्हा दोघांनाही माहीत होतं. सांगितलं असतं तर सागरचं काम तिथल्या तिथे झालं असतं, आणि ते घराबाहेर जाणार नाही असं अण्णांनी शपथेवर सांगितलं असतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात ते नाव आलेलं मला दिसत होतं.

"ते सांगता येणार नाही," काका म्हणाले. "त्या मुलाबद्दलही मला काही ठाऊक नव्हतं. मी एकदा न ठाऊक असलेलं सांगून बसलोय."

अण्णा माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "नाव ठाऊक आहे, अण्णा. त्याच्यापलीकडे काही ठाऊक नाही. म्हणून नाही सांगत."

अण्णांना राग आला होता, आणि मला वाटलं, झालं, इथेच संपलं. दोन शहाण्यांनी मिळून एका मुलाचं लग्न दुसऱ्यांदा मोडलं. परतताना बस कुठून मिळेल याचा विचारही मी सुरू केला होता, कारण मला अशा वेळी वेळापत्रकच सुचतं.

आतल्या दारात मेघना उभी होती. ती बाहेर आली नाही, तिथूनच बोलली.

"अप्पा, तुम्ही साइटला विचारलंत. मामांनी साइटला विचारलं. मी त्यालाच विचारलं."

"आणि?"

"आणि त्याने सांगितलं. मला पटलं. मला कोणी विचारलंच नाही."

अण्णांनी कपाचा तळ बघितला. मग म्हणाले, "पत्रिका परत एकदा दाखवून घेऊ." काकांना काही कळलं नाही, ते मला जिन्यात म्हणाले की अजून पत्रिकेवरच अडलंय. मी त्यांना सांगितलं की आता ती जुळेल. साखरपुडा झाला. काका पहिल्या रांगेत बसले होते आणि कोणाशीही फारसं बोलले नाहीत.

त्यानंतर मी साइटवरून चौथा नियम काढून टाकला. त्याच्या जागी काय लिहावं हे अजून ठरलेलं नाही. अकराचे दहा करावेत तर खालचे सगळे आकडे बदलतात, म्हणून सध्या तिथे एक कोरी ओळ आहे. दोघांनी विचारलं, हा नियम दिसत का नाही.

ही हकीकत इथेच संपली असती. पण लग्नानंतर काही दिवसांनी मला एक मेल आला. पाठवणारा तो दुसरा. त्याचं वर्णन मी इथेही करणार नाही.

त्याने लिहिलं होतं की त्याचं लग्न कधी झालेलंच नव्हतं. साखरपुडा होऊन मोडला होता, आणि घर सोडताना त्याने साखरपुड्याचा एक शालू आणि दोन ताटं बांधून ठेवली होती. ती पाहून कोणालातरी लग्नाचीच वाटली असावीत. धागा सुरू झाल्यापासून तो रोज वाचत होता. सागरने नावासकट उत्तर लिहिलं तेव्हा त्याला वाटलं की आता आपली पाळी. खुलासा येणार हे त्याला माहीत होतं आणि त्यात आपल्यापर्यंत पोचणारी एक ओळ असणार हेही. मग माफीनामा आला. "त्यात मी कुठेच नव्हतो," त्याने लिहिलं होतं. "ज्यांना त्रास झाला त्या सर्वांची, असं होतं. आईला वाचून दाखवलं. त्या सर्वांत आपणही आलो का, असं ती विचारत होती. आलो का?"

मी लिहिलं की हो, आलात.

शेवटी त्याने विचारलं होतं की आता पुन्हा स्थळं बघतोय, तर साखरपुड्याचं सगळं खरं खरं आपणच आधी तुमच्या साइटवर लिहून टाकावं का, म्हणजे नंतर कोणी काढायला नको. मी या कंपनीचा पगार घेते. लोकांनी साइटवर यावं आणि जास्तीत जास्त लिहावं, यावर आमचं सगळं चालतं. तरी मी त्याला उत्तर पाठवलं : मुलीला सांगा, समोर बसून. आमच्याकडे लिहू नका.